आईच्या वाटीतलं तूप

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या ग्रुपवर मला मैत्रिणीनं ओढून आणलं, आणि इथले अनुभव वाचून मी बऱ्याचदा मनातल्या मनात हसलेही आहे… राग मानू नका. घाटात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतून येणारा आवाज — हे वाचताना माझा एकच प्रश्न असायचा, कुणी नीट तपासलं का? माझं कामच तसलं आहे. एका मराठी वेबसाईटसाठी मी घरगुती वस्तू वापरून बघते आणि त्यावर लिहिते. मिक्सर, इस्त्री, गिझर, काय वाट्टेल ते. कंपनी छातीठोकपणे काहीतरी सांगते आणि मी म्हणते, बघू तरी.

त्यामुळे माझ्याच माहेरी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत जे झालं ते कुणाला सांगायची मलाच लाज वाटते. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या डोक्यात तुझे भाऊ बसलेत." बसलेतच. ते मी नाकारत नाही.

मी राहते नगरला, सावेडीत. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं.) माहेर पुणतांब्याचं. गाव सोडून थोडं पुढं, गोदावरीच्या अंगाला आमचा मळा आहे. मळ्यात समोरासमोर दोन घरं — एक माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, आणि एक धाकट्या बाळूचं. मधे अंगण. वडील गेल्यावर दोघांनी सगळं वाटून घेतलं. जमीन, गोठा, विहिरीच्या पाण्याची पाळी… आणि आई. तिचीही पाळी लावली. एक महिना दादाकडे, एक महिना बाळूकडे. अमावस्येला पाळी बदलते. त्या दिवशी आई आपली कापडी पिशवी, गोळ्यांचा डबा आणि चादर घेऊन अंगण ओलांडते. मी एकदा तोंडावर बोलले की अरे, मोटारीच्या पाण्यासारखी आई वाटून घेतलीत, तर दादा शांतपणे म्हणाला, "मग त्यात वाईट काय हाय? कुनावर अन्याय तर न्हाई ना झाला?"

अमावस्या म्हटल्यावर कान टवकारू नका, पुढच्या प्रकाराशी तिचा संबंध नाही. फक्त दिवाळीतली अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. त्या संध्याकाळी एका घरात लक्ष्मी येते आणि दुसऱ्या घरातून माझी आई पिशवी घेऊन बाहेर पडते, एवढंच मला सांगायचं होतं.

तर, मागच्या दिवाळीच्या आधी माझ्याकडे एक मायक्रोवेव्ह आला. ओट्यावर मावेल असा, मध्यम आकाराचा. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. संपादक म्हणाले, "शहरातल्या किचनमध्ये सगळेच टेस्ट करतात. तू जरा गावाकडच्या घरात चालवून बघ. माणसं जास्त, व्होल्टेज कमी-जास्त… तिथं कसा टिकतो ते लिही." भाऊबीजेला मी जाणारच होते. वस्तू नंतर माझ्याकडेच राहणार होती, त्यामुळे माझा एक डावही होता त्यात. ओव्हन दादाकडेच सोडून यायचा, म्हणजे आईला गरम जेवण मिळेल.

हे जरा नीट सांगते, कारण सगळा जीव त्यातच अडकलेला होता माझा. वहिनी पहाटे उठून सगळा स्वयंपाक उरकतात. पोरांचे डबे, शेतावरच्या माणसांची न्याहारी, डेअरीचं दूध… त्यांनाही श्वास घ्यायला वेळ नसतो. आईची आंघोळ, पूजा, गुडघ्यांचं रडगाणं होईपर्यंत दुपार होते. तोवर भाकरी वाळलेली, आमटीवर तेलाचा थर. बाळूच्या घरी वेगळं काही नाही. उपाशी कुणी ठेवत नाही तिला, वाढतात वेळच्या वेळी. पण गार. एका म्हातारीसाठी परत गॅस पेटवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि ती मागत नाही. मला वाटलं, नुसतं बटन तर दाबायचं! आळस करायला म्हणून काही निमित्तच उरणार नाही कुणाला.

भाऊबीजेला पोचले, ओवाळलं, दादानं साडी दिली. मग ओट्यावरचं सामान सरकवून ओव्हन मांडला, स्टॅबिलायझर जोडला. माझ्या ठरलेल्या चाचण्या असतात. पाणी तापवून बघायचं, दूध उतू जातं का बघायचं. मग पापडाची चाचणी — काच फिरवणारं खालचं चाक काढायचं, काचेवर कच्चे पापड पसरायचे आणि कुठला आधी फुलतो ते बघायचं. जिथं पापड कच्चा राहतो तो ओव्हनचा गारठलेला कोपरा. या ओव्हनला तसा कोपरा जवळजवळ नव्हताच. वहिनी तर खूश. "अगंबाई ताई, गॅसबिगर पापड? आन तेलबी न्हाई?" दिवसभर त्यांनी घरातलं मिळेल ते तापवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईसाठी थांबले होते, आम्ही दोघी बरोबर जेवणार म्हणून. दोन काचेच्या वाट्यांत वरण-भात, वर तुपाचा गोळा. वहिनींनीच ठेवलं आत, बटन दाबलं, शिट्टी वाजली, वाट्या आमच्यापुढे आल्या. माझ्या वाटीला बोट लावलं तर चटका बसला. मी फुंकर घालत होते आणि आई आपली निवांत कालवत होती. मग माझं लक्ष गेलं. तिच्या भातावरचं तूप तसंच होतं. पांढरं, घट्ट, थिजलेलं. ती ते बोटानं फोडून भाताला लावत होती.

मी भात चाचपला. गार होता. कोमटसुद्धा नाही.

माझं डोकंच सणकलं. "वहिनी, आईचं तापवलंच नाही तुम्ही?"

"ताई, आवं तुमच्याम्होरंच तर दोनी वाट्या ठिवल्या की!"

ते खरंच होतं. मी बघत होते. पण रागात माणूस डोळ्यांवर कुठे विश्वास ठेवतो… मी म्हटलं, उद्यापासून आईचं मी तापवणार.

तापवलं. माझ्या हातानं. वाट्यांची अदलाबदल करून, जागा बदलून, चाक व्यवस्थित फिरतंय ना ते बघून. माझ्याकडे अन्नात खुपसायचा थर्मामीटर असतो, तो लावून. माझं, वहिनींचं, पोरांचं — सगळ्यांचं उकळतं निघायचं. आईचं ठेवताना होतं त्याहूनही गार. नुसतं दूध एकटं ठेवून बघितलं. बाहेर काढलं तर खालच्या काचेनं माझं बोट भाजलं, वाटीचा काठ कढत, आणि आतलं दूध माठातल्या पाण्यासारखं. वर साय नाही, काही नाही. मी ते तसंच परत ठेवलं आणि वहिनींना म्हटलं, घ्या, तुम्ही प्या हे. बटन दाबलं. उतू गेलं!



तरी मी हटले नाही. मनात आलं, याला फसवता येतं का बघू. ("याला" म्हणजे कुणाला, हे तेव्हाही मला माहीत नव्हतं.) दोन वाट्या आमटी ठेवली. मनाशी पक्कं केलं — डावीकडची आईची, उजवीकडची माझी. शिट्टी झाल्यावर उजवीकडची गार निघाली! डावीकडचीला मस्त वाफ. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन ती वाफाळती वाटी आईच्या ताटात ठेवली. तेवढ्यात दादा उसाला पाणी देऊन आला आणि हातपाय धुऊन ताटावर बसला. आईनं माझ्या देखत ती गरम वाटी उचलली आणि त्याच्याकडे सरकवली.

"तू खा. दमून आलायस."

आणि माझ्यापुढची गार वाटी आपल्याकडे ओढून घेतली. दादा भुरके मारत आमटी प्यायला. त्यानं वर मान करूनसुद्धा बघितलं नाही, तिच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. त्याला त्यात काही वेगळं वाटलंच नाही, कारण आमच्या घरात आयुष्यभर हेच चालत आलंय.

शेवटचा प्रयोग मी वहिनींना समोर बसवून केला. ओव्हनमध्ये मावतील तेवढ्या सारख्या वाट्यांत तोच भात, तीच आमटी. कुणाची कुठली, काही ठरवलं नाही. बाहेर काढल्या काढल्या प्रत्येकीवर ताटली झाकली. वाफ दिसायला नको, हात लावून कळायला नको. आईला हाक मारली. म्हटलं, यातली कुठलीही घे.

आई वैतागली. "काय खेळ मांडलाय गं शोभे? आन्न हाय ते." पण घेतली एक, पदरानं धरून. ताटली काढली.

गार.

बाकीच्या सगळ्या वाट्यांच्या ताटल्यांना आतून पाण्याचे थेंब धरले होते. वहिनींनी एक वाटी उघडली आणि चटका बसून खाली टाकली. आई मात्र भिंतीला टेकून जेवायला लागली. म्हणाली, "मला गारच गोड लागतं आता. पडलीया सवय."

वहिनी रडायला लागल्या. आणि त्यांचं रडणं खोटं नव्हतं. "ताई, हे डबडं घिऊन जा तुमी. आदी जा घिऊन. तुमाला वाटतंय मी आत्यास्नी गार घालते, मुद्दाम घालते. आवं मी बी समद्यांच्या मागनंच जेवते, मला कोन इचारतंय गरम हाय का गार? आन आता ह्या मशीननं बी माझ्याकडंच बोट दाखवायचं व्हय?"

त्यांचं चूक काहीच नव्हतं, आणि तरी मला त्यांचा राग येतच होता. दादाला सांगितलं तर तो हसला. "लाईटीचा प्रॉब्लेम हाय. इकडं कमी दाबानं येती." मी म्हटलं, दादा, कमी दाबाची लाईट एवढ्या वाट्यांतून आईची वाटी शोधून काढते का? तर म्हणाला, "तुझ्याशी बोलन्यात अर्थ न्हाई. शिकलेली हाईस तू."

मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, ओव्हन नेते आणि आईलाही नेते. यावर जे झालं ते भुतापेक्षा भयंकर होतं. दादाची पहिली काळजी — लोक काय म्हणतील, दोन लेक असताना आई लेकीच्या दारात? ती एकवेळ समजू शकते मी. पण मग त्यानं अंगणातून बाळूला हाक मारली आणि दोघे भाऊ माझ्यासमोर, आईसमोर, या विषयावर भांडले की आई नगरला राहील ते दिवस कुणाच्या पाळीत धरायचे. बाळू म्हणतो, दादाच्या. दादा म्हणतो, ती इथं नसंल तर माझ्या पाळीत कसे? आई उंबऱ्यावर बसून पिशवीची नाडी बांधत होती. माझ्या तोंडाला त्या दिवशी जी कडू चव आली ती अजून गेलेली नाही.

गाडीत मागच्या सीटवर एका बाजूला ओव्हन, दुसऱ्या बाजूला आई. तिच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. मला मुलगा झाल्यावर तिनं ते सोडलं होतं, पण वस्तीला म्हणून ती माझ्याकडे कधी आलेली नव्हती. कोपरगाव-नगर रस्ताभर ती बाहेर बघत होती.

नगरला आल्यावर पहिल्याच सकाळी मी तिच्यासाठी दूध ठेवलं. तोच ओव्हन, त्याच वाट्या. खोटं कशाला बोलू, मनातून मी गार दुधाची तयारी केली होती. शिट्टी वाजली, मी वाटी तिच्यापुढे ठेवली, आणि तिनं नेहमीच्या सवयीनं, न फुंकता, सरळ तोंडाला लावली.

"आई गं!"

वाटी कलंडली. दूध तिच्या लुगड्यावर, फरशीवर. मी धावले, तोंडावर पाणी मारलं, जीभ बघितली — लाल झाली होती. आई रडत होती. मला वाटलं फार भाजलं. मी डॉक्टरकडे जाऊ म्हणाले तर तिनं माझा हात धरला आणि रडता रडता हसली.

"भाजली गं जीभ… लई दिसांनी भाजली."

त्यानंतर ती माझ्याकडे होती तेवढे दिवस एकदाही तिचं अन्न गार निघालं नाही. मी रोज थर्मामीटर लावायचे, मग लावायचंही सोडून दिलं. तूप वितळायचं. भाताची वाफ तिच्या चष्म्यावर धरायची आणि ती चष्मा पुसत बसायची. गरम खाल्ल्यानं की काय, तिचा चेहराच बदलला. शेजारणींशी बोलायला लागली. मी मनातल्या मनात तिची खोलीसुद्धा ठरवून टाकली, खिडकीपाशी पलंग, बाजूला देव.

आणि एके दिवशी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "शोभे, मला घरला सोड."

मी उडालेच. म्हटलं, कुणाचा फोन आला का? दादा काही बोलला?

"कुनी न्हाई बोललं."

"मग इथे कमी काय पडतंय तुला?"

"कमी न्हाई गं. म्हनून तर." ती बोटांनी पदराचं टोक चुरगाळत होती. "ऱ्हायले अजून तर सवय लागंल."

"लागू दे की सवय! कोण काढतंय तुला इथून?"

"तू न्हाई काढायची. पर मला जायाचं तिकडनंच हाय बाई. लेकाच्या दारातनं. तवर तिथलंच खायाचंय. हितं गरम खायाची सवय झाली, तर तिथलं गिळवंल का मला?"

मी भांडले. रडले. लोक गेले खड्ड्यात म्हणाले. ह्यांनीही समजावलं तिला. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "सोड मला." आणि मी सोडलं. दादाची पाळी संपायच्या आत सोडलं, म्हणजे भावांचा हिशोबही बिघडला नाही. वहिनींनी ओव्हन दारातसुद्धा येऊ दिला नाही. त्यांना मी जोर केला नाही.

तो ओव्हन आजही माझ्या ओट्यावर आहे. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावून सगळा खोलून दाखवला. काहीही बिघाड नाही. एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं, तो व्होल्टेज, आर्द्रता, वाट्यांची काच असं बरंच बोलला. मी विचारलं, झाकलेल्या वाट्यांतून ती नेमकी गारच कशी उचलते? तर म्हणाला, योगायोग. एखाद्या वेळी म्हटलं असतं मीही. रिव्ह्यू लिहिला मी. सगळीकडे सारखा तापवतो, गावाकडच्या विजेवरही टिकतो, घ्यायला हरकत नाही, असं लिहिलं. त्यात काय खोटं होतं? पापड तर सगळे फुलले होते.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल की घराला काहीतरी बाधा असेल, वास्तू बघा, नारळ फोडा. नका सांगू. मला बाधा मान्य करता आली असती तर बरंच झालं असतं, निदान तिच्यावर उपाय असतो. वहिनींच्या हाताला दोष द्यावा तर माझ्या हातानंही त्या घरात तेच झालं. ओव्हनला द्यावा तर तो माझ्या घरी नीट चालतो. आईचंच काही असेल म्हणावं तर इथे तिची जीभ भाजली, मी स्वतः बघितली. मला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

मी रोज दुपारी तिला फोन करते. पूर्वी विचारायचे, जेवलीस का, गरम होतं का. आता ती मला विचारूच देत नाही. फोन उचलल्या उचलल्या, तोंडात घास असतानाच सांगते, "जेवतीया. गरम हाय गं, लई गरम हाय." आणि मी म्हणते, बरं.